संध्याकाळी नेट रेंगाळतं: दोष लाइनचा, वायफायचा की घरातल्याच कुणाचा?

दिवसभर नेट ठीक चालतं. संध्याकाळी सात-आठ वाजले की व्हिडिओ मध्येच थांबून गोल फिरायला लागतो, कॉलवर समोरच्याचा आवाज तुटतो, साधी पानं उघडायलाही वेळ लागतो. स्पीड टेस्ट करावी तर आकडा कधी बरा येतो, कधी निम्मा. राउटर बंद करून चालू केला की दोन दिवस बरे जातात आणि मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. इथे आल्यावर बहुतेक जण एकतर मोठा प्लॅन घेतात किंवा नवा राउटर आणतात. दोन्ही उपाय कधी कधी लागू पडतात, पण पडले तर नशिबाने, कारण बिघाड नेमका कुठे आहे हे कुणी पाहिलेलंच नसतं.

डेटा तुमच्यापासून बाहेरच्या सर्व्हरपर्यंत जाताना ढोबळमानाने चार ठिकाणांहून जातो: फोन किंवा लॅपटॉप, हवेतलं वायफाय, राउटर, आणि त्यापुढे कंपनीची लाइन. फोनवरची स्पीड टेस्ट या चारांतल्या सगळ्यात अरुंद जागेचा आकडा दाखवते. ती जागा कोणती, हे मात्र सांगत नाही. खालचा सगळा खटाटोप ती जागा हुडकण्यासाठी आहे.

आकडा वाचण्याआधी

प्लॅन मेगाबिटमध्ये विकला जातो, म्हणजे एमबीपीएस. डाउनलोड होताना ब्राउझर किंवा गेमचा लाँचर दाखवतो ते बहुतेक वेळा मेगाबाइट. एका बाइटात ८ बिट, त्यामुळे १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल उतरण्याचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला १२.५ मेगाबाइट. त्यातही डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे पॅकेटवर, पत्ता वगैरे लिहिलेला असतो, त्याचं ओझं वजा केलं की ११ ते १२ च्या मध्ये कुठेतरी आकडा थांबतो. ‘शंभरचा प्लॅन घेतलाय आणि मिळतात अकरा’ ही तक्रार असेल तर तुमचं नेट अगदी ठणठणीत आहे, पुढचं वाचायची गरज नाही.

याच ओझ्यामुळे १०० एमबीपीएसच्या नेटवर्क पोर्टवर (केबल खोचायच्या जागेवर) टेस्ट सुमारे ९४ दाखवते आणि गिगाबिट पोर्टवर सुमारे ९४०. यातला ९४ लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पहिली टेस्ट केबलवर

लॅपटॉप नेटवर्क केबलने थेट राउटरला जोडा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, नाहीतर केबल लावूनही ट्रॅफिक हवेतूनच जातंय की काय ही शंका उरते. व्हीपीएन असेल तर तोही बंद. घरातली बाकी उपकरणं शक्य असेल तर तेवढ्यापुरती वायफायवरून काढा. लॅपटॉपला नेटवर्क पोर्टच नसेल तर यूएसबीचा गिगाबिट अडॅप्टर मिळतो. तो कुणाकडून उसना आणला तरी चालेल, पण ही पायरी गाळू नका. केबलवरचा आकडा हाताशी नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

टेस्ट कोणती घ्यायची? ओक्लाची स्पीडटेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते आणि जवळचा सर्व्हर निवडते. तो सर्व्हर कित्येकदा तुमच्या कंपनीच्याच जाळ्यात असतो, म्हणून तिथे येणारा आकडा हा लाइनचा उत्तम दिवसाचा आकडा समजावा. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये काढलेली फास्ट डॉट कॉम ही टेस्ट नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून डेटा ओढते, त्यामुळे तिथपर्यंतचा रस्ता कसा आहे हे ती दाखवते. एम-लॅब या नेट मोजणाऱ्या खुल्या प्रकल्पाची टेस्ट एकाच जोडणीवर मोजते, साहजिकच तिचा आकडा बहुधा कमी येतो. तिन्ही आकडे वेगळे आले म्हणून कुणी खोटं बोलतंय असं नाही. प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतोय. तुम्ही एक टेस्ट पक्की करा, तिच्यात सर्व्हर हाताने निवडता येत असेल तर दर वेळी तोच निवडा, आणि सकाळी, दुपारी, रात्री गर्दीच्या वेळी असे काही दिवस आकडे लिहून ठेवा. वेळ, केबल की वायफाय, डाउनलोड, अपलोड, पिंग (छोटा संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात). वहीचं पान पुरतं.

आता हे आकडे काय बोलतात ते बघू. केबलवर तिन्ही वेळा आकडा प्लॅनच्या आसपास आणि वायफायवर मात्र रात्री घसरगुंडी, तर कंपनीला फोन करून उपयोग नाही, दोष घरातल्या हवेत आहे. केबलवरही रात्रीच पडतो, तर एकतर कंपनीच्या जाळ्यात गर्दी आहे किंवा घरातलंच कुणीतरी लाइन भरून टाकतंय. आणि केबलवर चोवीस तास आकडा कमीच, तर लाइन, पोर्ट किंवा केबल.

या शेवटच्या प्रकारात ९४ चा आकडा कामाला येतो. प्लॅन २०० किंवा ३०० चा आहे आणि केबलवर टेस्ट घ्या तेव्हा ९३, ९४, ९४, असं एखाद्या भिंतीला टेकल्यासारखं येतंय? मग कुठेतरी १०० चा जोड झालेला आहे. नेटवर्क केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. १०० ला न लागणाऱ्या दोन जोड्यांतली एक तार जरी क्लिपपाशी सुटली किंवा तुटली तरी दोन्हीकडची उपकरणं आपापसात बोलून गुपचूप १०० वर उतरतात. एरर येत नाही, दिवा विझत नाही, नेट चालूच राहतं. विंडोजमध्ये नेटवर्क सेटिंग्जमध्ये त्या जोडणीचा लिंक स्पीड लिहिलेला असतो. तिथे १००० ऐवजी १०० दिसला की आधी केबल बदलून बघा. केबलच्या आवरणावर बारीक अक्षरात कॅट ५ई किंवा कॅट ६ छापलेलं असावं. केबल बदलूनही १०० च दिसलं तर राउटरचं पोर्टच १०० चं आहे का ते पाहा. स्वस्त राउटरमध्ये असं सर्रास असतं, आणि खोक्यावर मात्र ‘एसी १२००’ अशी मोठी अक्षरं असतात. तो १२०० म्हणजे वायफायच्या दोन पट्ट्यांचे वेग, २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची बेरीज करून वर गोळाबेरीज केलेला आकडा. एकही उपकरण एका वेळी तेवढा वेग घेत नाही.

दोन खिडक्या आणि पिंग

स्पीड टेस्ट दर वेळी भरपूर डेटा खाते आणि त्या अर्ध्या मिनिटापुरतंच सांगते. त्रास अधूनमधून येत असेल तर पिंग जास्त कामाचं. मला विचाराल तर घरगुती नेटच्या दुखण्यावर याच्याइतकं भरवशाचं आणि फुकट दुसरं हत्यार नाही.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, मॅक किंवा लिनक्सवर टर्मिनल. आधी राउटरचा पत्ता शोधा. विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) ही कमांड दिली की ‘डिफॉल्ट गेटवे’ समोर दिसतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. मग दोन खिडक्यांमध्ये दोन पिंग सोडा (ping लिहून पुढे पत्ता): एकीत राउटरचा पत्ता, दुसरीत १.१.१.१ किंवा ८.८.८.८ सारखा बाहेरचा पत्ता. विंडोजवर शेवटी डॅश आणि टी लावलं की तुम्ही थांबवेपर्यंत ते चालू राहतं. लॅपटॉप नेहमीच्या जागी, वायफायवर ठेवा, आणि त्रासाची वेळ येऊ द्या.

केबलवर राउटरकडून उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येतं, चांगल्या वायफायवर २ ते ५ मध्ये. पहिल्या खिडकीत ३, ४, ३, १८०, ५, २४०, मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असं दिसायला लागलं तर गडबड लॅपटॉप आणि राउटरच्या मध्ये, म्हणजे हवेत आहे. बाहेरची खिडकी तेव्हा अर्थातच खराब दिसणार, तिच्याकडे लक्ष देऊ नका. उलट पहिली खिडकी शांतपणे २, ३, २ दाखवतेय आणि दुसरीत १५ चे ३०० होताहेत, तर वायफाय निर्दोष, त्रास राउटरच्या पलीकडे. काही राउटर स्वतःच्या पिंगला उत्तर द्यायचा कंटाळा करतात, कारण त्यांच्या लेखी ते दुय्यम काम असतं. तेव्हा एखादा आकडा उडाला म्हणून घाबरू नका. ओळीमागून ओळी कशा येताहेत ते पाहा.

दुसरी खिडकी बिघडली म्हणून लगेच कंपनीला शिव्या घालायच्या नाहीत. मध्ये एक संशयित राहिलाय.

घरातला अपलोड

संध्याकाळीच का? कारण संध्याकाळी माणसं घरी येतात आणि त्यांच्याबरोबर फोन येतात. फोन वायफाय पकडतात, चार्जरला लागतात, आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला सुरुवात करतात. बऱ्याच प्लॅनमध्ये अपलोड हा डाउनलोडपेक्षा खूपच कमी असतो. अपलोड १० एमबीपीएस असेल तर सेकंदाला सव्वा मेगाबाइट, म्हणजे १ जीबी चढवायला १३-१४ मिनिटं, तीही लाइन पूर्ण भरून. ४के मध्ये काढलेला व्हिडिओ मिनिटाला काहीशे मेगाबाइट सहज खातो. कुणी समारंभाचे दहा-बारा मिनिटांचे व्हिडिओ काढून आणले असतील तर पुढचा तासभर अपलोड त्यांचाच.

अपलोड भरल्याने डाउनलोड का मंदावतो, हे बऱ्याच जणांना कोडं वाटतं. उतरणाऱ्या डेटाची पोचपावती सतत वर पाठवावी लागते. त्या पोचपावत्या फोटोंच्या मागे रांगेत अडकल्या की समोरचा सर्व्हर पुढचा डेटा धिम्या गतीने सोडतो. राउटर आणि मोडेम (कंपनीची लाइन ज्या यंत्रात येते ते) यांच्या आतल्या तात्पुरत्या साठ्यात ही रांग लागते, आणि साठा जितका मोठा तितकी रांग लांब. पॅकेट हरवत नाहीत, नुसती ताटकळत राहतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दुखण्याकडे लक्ष वेधलं आणि तेव्हापासून ते बफरब्लोट या नावाने ओळखलं जातं.

तपासणं सोपं आहे. घरात शांतता असताना बाहेरची पिंगची खिडकी चालू ठेवा आणि मुद्दाम एक मोठी फाइल क्लाउडवर चढवायला लावा. १५-२० चा पिंग ३०-४० झाला तर चांगलं. ३००-४०० च्या घरात गेला तर तुमच्या संध्याकाळच्या तुटक्या कॉलचं कारण सापडलं. क्लाउडफ्लेअरची स्पीड टेस्ट आणि ओक्लाचं अ‍ॅप आता लाइन मोकळी असतानाचा आणि भरलेली असतानाचा पिंग वेगवेगळा दाखवतात. तो दुसरा आकडा बघायची सवय लावून घ्या. फास्ट डॉट कॉमवरही जादा माहितीचं बटण दाबलं की दिसतो.

उपाय दोन पातळ्यांवर. पहिला बिनखर्ची: फोनचा बॅकअप रात्री उशिरा होईल असं बघा, लॅपटॉपवरच्या क्लाउड अ‍ॅपमध्ये अपलोडची मर्यादा घाला, आणि चोवीस तास क्लाउडवर चित्रण पाठवणारे कॅमेरे असतील तर त्यांचा दर्जा थोडा खाली आणा. दुसरा राउटरमधला: सेटिंग्जमध्ये क्यूओएस, स्मार्ट क्यू किंवा एसक्यूएम असं काही आहे का शोधा, ही रांग शिस्तीत ठेवणारी सोय. तिच्यात एफक्यू-कोडेल किंवा केक या पद्धतींची नावं दिसली तर उत्तमच. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर चढवलेल्या राउटरवर दोन्ही मिळतात. केबलवर मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्के एवढी मर्यादा अपलोड आणि डाउनलोडला घालायची. त्यामुळे रांग कंपनीच्या यंत्रात लागण्याऐवजी तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि राउटर कॉलसारख्या छोट्या प्रवाहांना ताटकळत ठेवत नाही. टेस्टचा आकडा थोडा घटतो. मला हा सौदा कधीही मान्य आहे: दहा टक्के वेग द्या आणि कुणी काहीही चढवत असलं तरी कॉल न तुटू द्या. एक अडचण आहे. हे काम राउटरच्या प्रोसेसरवर पडतं, आणि लाइन काहीशे एमबीपीएसची असेल तर साध्या राउटरला ते झेपत नाही. तसं झालं तर फक्त अपलोडला मर्यादा घाला.

याच जागी मोठ्या प्लॅनचा मोह बाजूला ठेवायला हवा. नेटफ्लिक्स ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस पुरेसे म्हणतं, फुल एचडीसाठी ५. म्हणजे १०० च्या लाइनवर चार पडदे ४के दाखवत असले तरी जागा उरते. ३०० चा प्लॅन घेतला आणि अपलोड तेवढाच राहिला तर संध्याकाळ पूर्वीसारखीच जाणार. प्लॅन बदलायचाच असेल तर अपलोडचा आकडा विचारून बदला.

हवा

पहिल्याच खिडकीतला पिंग उड्या मारत असेल तर मुक्काम इथे.

वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलतो. तुमचा फोन बोलतोय तेव्हा लॅपटॉप थांबतो, आणि शेजारचा राउटर त्याच चॅनेलवर असेल तर तोही तुमच्या रांगेत, तुम्ही त्याच्या. दिवसा शेजारची घरं रिकामी. रात्री सगळे घरी. केबलवर निर्मळ आणि वायफायवर फक्त रात्री त्रास, याचं नेहमीचं कारण हेच.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल बरेच दिसतात, पण एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६ आणि ११. वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं अ‍ॅप लावून आसपास कोण कुठे बसलंय ते बघा आणि तिघांतला कमी गर्दीचा घ्या. इथे हुशारी करून ३ किंवा ४ घेणारे भेटतात, कारण अ‍ॅपमध्ये तो रिकामा दिसतो. तसं करू नका. एकाच चॅनेलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून पाळी लावतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवरचा मात्र दुसऱ्याला नुसता गोंगाट वाटतो, आणि तुम्ही १ आणि ६ दोन्हीकडचा गोंगाट पदरात घेता. या पट्ट्यात चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा.

खरं तर जे उपकरण ५ गिगाहर्ट्झवर जाऊ शकतं ते तिथेच न्यावं. तिथे जागा मोठी, रुंदी ८० पर्यंत घेता येते, शेजारची गर्दी कमी जाणवते, कारण हा पट्टा भिंतीतून तितकासा आरपार जात नाही. तीच त्याची उणीवही: दोन भिंती मध्ये आल्या की फोन मुकाट्याने २.४ वर परततो, आणि कित्येकदा राउटरजवळ आल्यावरही तिथेच चिकटून बसतो. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर तुम्हाला ते कळतही नाही. तपासणी चालू असेपर्यंत तरी दोघांना वेगळी नावं द्या.

५ गिगाहर्ट्झचं एक चमत्कारिक दुखणं सांगतो. वायफायचं नाव अचानक यादीतून गायब होतं, मिनिटभराने परत येतं, आणि तुम्ही राउटर मरायला टेकला असं समजता. ५२ ते १४४ या चॅनेलांवर हवामानाची आणि इतर रडार यंत्रणाही चालते. राउटरला रडारची चाहूल लागली की नियमानुसार त्याला ते चॅनेल सोडावं लागतं, आणि अशा नव्या चॅनेलवर जाण्याआधी किमान ६० सेकंद कान देऊन ऐकावं लागतं. चॅनेल ‘ऑटो’वरून काढून ३६ ते ४८ मधला एक घाला, हा प्रकार थांबेल.

सिग्नल किती आहे ते फोनवरच्या दांड्यांवरून ठरवू नका. अ‍ॅपमध्ये डीबीएम या सिग्नलची ताकद मोजायच्या एककात आकडा मिळतो. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे झकास. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालावा. उणे ७५ च्या खाली गेलात की रडगाणं सुरू. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते, त्यामुळे उणे ६४ आणि उणे ६७ मधला फरक दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. म्हणूनच राउटर हातभर सरकवल्याने कधी कधी खोलीचा नूर पालटतो. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर, उघड्यावर हवा. कपाटात, टीव्हीच्या मागे, फ्रिजवर, आरशाला टेकून किंवा माशांच्या टाकीशेजारी नको. धातू सिग्नल परतवतो आणि पाणी तो पिऊन टाकतं. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, तेव्हा जेवण गरम होताना नेट अडखळलं तर तो योगायोग समजू नका. आणि राउटरला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली असेल तर ती काढून एकदा मोजा. यूएसबी ३ ची केबल २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करते. इंटेलनेच २०१२ मध्ये यावर माहितीपत्र काढलं होतं.

एका वेळी एकच जण बोलणार म्हटल्यावर लांबच्या कोपऱ्यातलं म्हातारं उपकरणही सगळ्यांना नडतं. कमकुवत सिग्नलवर ते ६ एमबीपीएसने बोलत असेल तर एवढंसं सांगायला हवा बराच वेळ अडवून ठेवतं, आणि त्याचा भुर्दंड राउटरशेजारी बसलेल्या नव्या फोनलाही बसतो. असं उपकरण केबलवर घ्या, जवळ आणा किंवा वेगळ्या पट्ट्यावर टाका.

लॅपटॉपवर वायफायचा लिंक स्पीड ४३३ दिसतो आणि टेस्ट सव्वादोनशे-अडीचशे दाखवते, यात काही बिघडलेलं नाही. वायफायवर लिंकच्या निम्म्याच्या आसपास किंवा थोडा वर, एवढाच खरा वेग मिळतो. ७२ चा लिंक दिसत असेल तर तुम्ही २.४ वर एकाच अँटेनाने बोलताय, तिथे ४० मिळाले तरी पुष्कळ. आणि लिंक ५४ च्या वर हलतच नसेल तर राउटरची सुरक्षा सेटिंग बघा: जुनं टीकेआयपी निवडलेलं असेल तर तेच अडवतंय, डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ करा.

रिपीटर हा विषय भांडणाचा. एकाच रेडिओवर ऐकून त्याच रेडिओवर पुढे पाठवणारा रिपीटर सिग्नलच्या दांड्या वाढवतो आणि वेग निम्मा करतो. मेश संच, म्हणजे घरभर ठेवलेले आणि एकमेकांशी जोडलेले वायफायचे डबे, यापेक्षा बरे, आणि दोन डब्यांमध्ये केबल असेल तर फारच बरे. पण एखादा डबा विकत घेण्याआधी टीव्ही केबलवर घेता येतो का बघा. तो जागचा हलत नाही, रोज तासन्‌तास डेटा ओढतो, आणि तो हवेतून उठला की उरलेल्यांना मोकळं रान मिळतं. बऱ्याच टीव्हींचं नेटवर्क पोर्ट १०० चंच असतं, तरी ४के ला ते पुरून उरतं.

राउटर बंद-चालू केल्यावर बरं का वाटतं, याचंही उत्तर बहुधा इथेच आहे. चॅनेल ‘ऑटो’वर असेल तर चालू होताना राउटर आसपास पाहून नवं निवडतो आणि मग कित्येक मॉडेलमध्ये तिथेच ठाण मांडतो. पुढच्या वेळी संपूर्ण राउटर बंद न करता सेटिंग्जमधून फक्त वायफाय बंद-चालू करा. तेवढ्याने सुधारलं तर चॅनेल हाताने पक्कं करा. नाही सुधारलं आणि पूर्ण रीस्टार्टनेच सुधारलं तर राउटरची मेमरी, तापमान किंवा जुनं फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) यांच्यावर संशय. फर्मवेअर अपडेट करा, राउटरच्या जाळ्या मोकळ्या ठेवा.

डीएनएसबद्दल, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेबद्दल, थोडक्यात. पान सुरू व्हायलाच दोन-तीन सेकंद आणि एकदा सुरू झालं की भराभर, असं असेल तर राउटरमध्ये डीएनएस बदलून १.१.१.१, ८.८.८.८ किंवा ९.९.९.९ करून बघा. डाउनलोडचा वेग त्याने वाढत नाही. एका क्लिकमध्ये नेटचा वेग दुप्पट करणारी अ‍ॅप्स मात्र फोनमधून काढून टाका, ती स्वतःच मागे बसून डेटा खातात.

लाइन आणि कंपनी

केबलवर, घरातले सगळे फोन बाजूला ठेवून, अपलोड मोकळा असतानाही रात्री आकडा पडतोय आणि पहाटे पूर्ण येतोय. आता खात्रीने बाहेरचं. फायबरच्या जीपॉन पद्धतीत एका फायबरचे २.४८८ जीबीपीएस ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, आणि त्यापुढची कंपनीची लाइनही सामाईकच. गर्दीच्या वेळी वाटा घटला तर त्यावर घरातून काही करता येत नाही. पण एक फरक ओळखा: घड्याळाप्रमाणे पडणारा वेग म्हणजे गर्दी; पाऊस, वारा किंवा उकाड्याबरोबर पडणारा म्हणजे जोड कच्चा. आणि ठरावीक डेटा संपल्यावर पडून पुढच्या बिलापर्यंत तसाच राहणारा म्हणजे प्लॅनच्या अटींतली वापराची मर्यादा. ही शक्यता फोन करण्याआधी तपासा.

फायबरच्या मोडेमच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये दिसते. साधारण उणे २५ पर्यंत निर्धास्त राहा. उणे २७ ही अशा बऱ्याच यंत्रांची शेवटची हद्द, तिच्या जवळपास असाल तर लाइन अधूनमधून तुटणारच. कपाटामागे दाबलेली किंवा खिळ्याभोवती घट्ट वळवलेली बारीक वायर हे याचं ठरलेलं कारण. वळण सैल करा, पण जोड स्वतः उघडू नका आणि सुटलेल्या टोकात डोळा घालून तर अजिबात पाहू नका. त्यातला लेसर डोळ्यांना दिसत नाही, इजा मात्र करू शकतो. तांब्याच्या फोनलाइनवर डीएसएल असेल तर मोडेमवरचा एसएनआर मार्जिन (सिग्नल गोंगाटापेक्षा वर राहायला उरलेली सवड) बघा, ६ डीबीच्या खाली गेला की लाइन डळमळीत.

तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ असं म्हटलं की पलीकडून ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढंच येणार. त्याऐवजी वहीतलं पान पुढे करा: केबलवर, एकच लॅपटॉप, तोच सर्व्हर, सकाळी एवढे, रात्री एवढे, राउटरपर्यंतचा पिंग एक मिलिसेकंद, बाहेरचा एवढा. ट्रेसराउट (वाटेतल्या प्रत्येक टप्प्यापर्यंतचा वेळ दाखवणारी कमांड) जोडत असाल तर एक जपा: मधल्या एखाद्याच टप्प्यावर आकडा मोठा आणि पुढचे सगळे लहान, तर तो टप्पा निर्दोष आहे, नुसता उत्तर द्यायला आळशी. जिथून आकडा चढतो आणि शेवटपर्यंत चढलेलाच राहतो तिथे बोट ठेवा. तंत्रज्ञ बहुधा सकाळी अकराला येतो, स्वतःच्या फोनवर टेस्ट करून ‘बघा, पूर्ण येतंय’ म्हणतो. त्याला नाकारू नका, आकडा वहीत लिहून घ्या, आणि तक्रार बंद करण्याचा मेसेज आला तर रात्री नऊचा केबलवरचा आकडा मोजून मगच उत्तर द्या.